इंजिनांची बुद्धिबळ स्पर्धा घेताय? या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरी, कुडाळ, मालवणकडची पोरं आपापल्या लॅपटॉपवर बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, एकमेकांशी लढवतात. छंद फार चांगला आहे, पण ‘माझं इंजिन जिंकलं’ म्हणताना पुष्कळदा जिंकलेला असतो लॅपटॉप.

पहिली चूक म्हणजे नक्की काय जोखायचं, हे न ठरवताच डाव मांडणं. नुसता प्रोग्रॅम जोखायचा, की प्रोग्रॅम अधिक मशीन? दोन्ही स्पर्धा रास्त आहेत, फक्त त्यांची सरमिसळ नको. इंजिनांच्या जागतिक स्पर्धेतही हा वाद झाला. 2009 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनात 8 कोअरची (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांची) मर्यादा घातली गेली. 2010 मध्ये ती उठली आणि सारख्याच हार्डवेअरवरची वेगळी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. मला हाच तोडगा पटतो. मोठं मशीन म्हणजे हमखास विजय, असंही नाही: 1995 साली हाँगकाँगला साध्या 90 मेगाहर्ट्झ पेंटियम प्रोसेसरवरच्या फ्रिट्झ या इंजिनाने आयबीएमच्या डीप ब्लू या महासंगणकाच्या प्रोटोटाइपला हरवलं होतं.

दुसरी चूक सेटिंगची. कोअर सारखे दिले की झालं, असं वाटतं. डिसेंबर 2017 मध्ये गूगलच्या डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनावर 100 डावांत 28 विजय मिळवले, एकही डाव न हरता. पण स्टॉकफिशला 64 थ्रेड (एकाच वेळी चालणारी गणनेची कामं) देऊन हॅश, म्हणजे आधी तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी, मात्र 1 जीबीच दिला होता, आणि दर चालीला ठरावीक एक मिनिट. यावर टीका झाली. पुढच्या वर्षी 32 जीबी हॅश आणि डावाला तीन तास दिले, तरी 1000 डावांत अल्फाझीरोचे 155 विजय आणि 6 पराभव झाले. म्हणजे निकाल तोच राहिला, पण आता त्यावर विश्वास ठेवता आला. तुमच्याकडे स्टॉकफिश असेल तर तपासा: मुळात तो 1 थ्रेड आणि 16 एमबी हॅशवर चालतो. समोरच्याला चार थ्रेड असतील, तर तो सामनाच नव्हे. एकाच मशीनवर दोघांना लढवताना पाँडर (समोरच्याच्या वेळात विचार करत राहणं) बंद ठेवा, नाहीतर एकाच्या चालीच्या वेळी दुसरा प्रोसेसर खात बसतो.

तिसरी चूक आपल्याकडची खास. दुपारी पत्र्याच्या पडवीत, गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळ्या बुजतात, पंखा घरघरतो आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. स्क्रीनवरचा ‘नोड्स पर सेकंद’चा (इंजिन सेकंदाला किती स्थिती तपासतं याचा) आकडा बघत राहा, तो डावागणिक घसरत असेल तर लॅपटॉप फळीवर घ्या आणि सामना रात्री लावा. लाईट गेली की बॅटरीवर वेग आणखी पडतो. असा अर्धवट डाव मोजू नका, पुन्हा खेळवा.

लीला हे इंजिन ग्राफिक्स कार्डावर चालतं, स्टॉकफिश प्रोसेसरवर. इथे ‘समान हार्डवेअर’ या शब्दांना फारसा अर्थच उरत नाही. दोन्ही मशीनची किंमत किंवा वीज जुळवा आणि काय जुळवलं ते आधी जाहीर करा.

दोनच वेगळे लॅपटॉप असतील तर निम्मे डाव झाल्यावर इंजिनांची अदलाबदल करा. प्रत्येक ओपनिंग (डावाची सुरुवात) दोन्ही रंगांनी खेळवा. निकालाच्या तक्त्यात प्रोसेसर, थ्रेड, हॅश आणि वेळ हे चार रकाने ठेवाच.