एमएएस वाढवायच्या आधी टेप काढा

बेळगावात एक्सरेच्या कोर्सला नवीन आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. माझं पहिलं वर्ष 'इमेज दाणेदार आली की वाढव एमएएस' यातच गेलं. एमएएस म्हणजे ट्यूबचा करंट (एमए) गुणिले सेकंद, किती एक्सरे सोडायचे त्याचा आकडा.

एकदा वॉर्डात पोर्टेबल घेऊन गेलो, चंदगडकडचे आजोबा, चेस्ट काढायची होती. बेड आणि सलाईनच्या स्टँडमधनं मशीन काय आत शिरेना, म्हणून जरा मागंच उभं केलं आणि फॅक्टर (मशीनची सेटिंग) मात्र नेहमीचा 100 सेंमीचा लावला. इमेज सगळी रवाळ. मी परत मारायला निघालो तर आमच्या सिनियर अण्णांनी खिशातनं टेप काढून ट्यूबपासून कॅसेटपर्यंत (इमेज पकडणारी पाटी) मोजलं, भरलं 130! अंतराचा वर्ग धरायचा असतो, 1.3 गुणिले 1.3 म्हणजे 1.69, म्हणजे कॅसेटवर पोचलं ते पाहिजे होतं त्याच्या 59 टक्केच. एवढं बोर्डावर शिकलेलो, खरं बेडजवळ आठवलं नाही. 100 वरनं 180 ला गेलात तर एमएएस 3.24 पट लागतो, हे तर पाठच करा.

एमएएस दुप्पट केला की एक्स्पोजर दुप्पट, सरळ हिशोब. केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) तसा नाही, 15 टक्के वाढवला (70 चा साधारण 80) की एमएएस दुप्पट केल्यासारखंच होतं, पण स्कॅटरही (इकडंतिकडं विखुरलेले एक्सरे) वाढतो आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. ग्रिड (स्कॅटर अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी) घातली तर 8:1 ला (पट्टीची उंची आणि मधली फट यांचं प्रमाण) साधारण चौपट एमएएस लागतो, आणि ग्रिड काढल्यावर तोच फॅक्टर ठेवला तर पेशंटला फुकटचा डोस, हे मीपण केलंय.

फुकटचा डोस कळत नाही हीच डिजिटलची गोची आहे. पूर्वी फिल्म काळी यायची आणि सगळ्यांसमोर शिव्या बसायच्या, आता कॉम्प्युटर ब्राइटनेस जुळवून देतो, इमेज मस्तच दिसते. म्हणून इमेज बघून खूश होऊ नका, आकडा बघा. डेव्हिएशन इंडेक्स (पाहिजे त्या एक्स्पोजरपासून किती हटलो ते सांगणारा आकडा) 0 ला बरोबर, +3 म्हणजे दुप्पट, -3 म्हणजे निम्मं. आणि फुजीच्या सीआरवर (कॅसेट वाचून डिजिटल इमेज देणारं मशीन) एस नंबर उलटा चालतो बरं का, आकडा मोठा म्हणजे एक्स्पोजर कमी, मी आठवडाभर उलटंच वाचत होतो.

पेशंटकडं पण बघा. जाडी 4-5 सेंमी वाढली की एमएएस दुप्पट धरा, ओलं प्लास्टर असलं की वाढवा, एम्फिसीमाच्या (फुफ्फुसात हवा अडकून राहायचा आजार) फुगलेल्या छातीला कमी करा.

चिकोडी-अथणीकडचे पेशंट आले की 'उसुर हिडकोरी' (श्वास धरा) एवढं कन्नड तरी यायलाच पाहिजे, श्वास धरला नाही तर इमेज हलणारच, आणि हललेल्या इमेजला एमएएस वाढवून काही होत नाही. 100 एमए आणि 0.1 सेकंद असेल तर 200 एमए आणि 0.05 करा, एमएएस तोच 10 राहतो, टाइम निम्मा.