आल्टाची शिल्पं भर दुपारी पाहू नका

उत्तर नॉर्वेत, आल्टा गावाजवळच्या येम्मेलुफ्त इथे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठी खडकांवर हजारो चित्रं कोरलेली आहेत. १९८५ पासून हा जागतिक वारसा आहे. पूर्वी पर्यटकांना दिसावीत म्हणून त्यांत लाल रंग भरायचे. आता बऱ्याच ठिकाणी तो काढून टाकलाय. त्यामुळे डोक्यावर ऊन असलं की समोर नुसता करडा खडक दिसतो. संध्याकाळी जा. तिरपी किरणं पडली की रेनडिअरची शिंगं, होड्यांच्या कडा आणि अस्वलाच्या पावलांची रांगसुद्धा उठून दिसते. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हटलं तरी चालेल, पण ही चित्रं संग्रहालयाच्या आवारात आहेत, त्याच्या वेळा आधी बघून ठेवा. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली असतं, तेव्हा तो बेत सोडाच.

आणखी एक. बर्फयुगानंतर इथली जमीन वर उचलली गेली. चित्रं कोरली तेव्हा ती पाण्यालगत होती, म्हणून जितकं वरचं चित्र तितकं जुनं. सर्वांत वरची सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची. वरून सुरुवात करून उतरत आलात तर काळ आपोआप क्रमाने लागतो. लाकडी पायवाट सोडून खडकावर मात्र पाय ठेवू नका, फोटोसाठीही नाही.