मांजराला फ्लूपासून कसे जपावे

मांजर शिंकू लागले की बहुतेक वेळा कारण हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतात. त्यांची लस मिळते, पण ती बर्ड फ्लूवर चालत नाही. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू टाळायचा तर सुरुवात मांजराच्या ताटलीपासूनच करावी लागते.

साताऱ्यात चिकनच्या दुकानात मांजरासाठी म्हणून आतडी, मुंडकी सहज मिळतात. ती कच्ची कधीच घालू नका. २००४ साली थायलंडच्या प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाऊन वाघ मेले. २०२४ मध्ये टेक्सासला बाधित गायींचे कच्चे दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरे दगावली. २०२५ च्या सुरुवातीला तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मांजरांमध्ये हा विषाणू सापडला. तो ७० अंशांपुढच्या उष्णतेत मरतो, म्हणून मांस आतपर्यंत शिजवा, दूध उकळा. आपल्या पानातला रस्सा मात्र नको. कांदा-लसूण मांजराला विषारी असतात.

परसातल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर आधी मांजर घरात कोंडा. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका आणि लगेच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

माणसाचा फ्लूही मांजराला होतो. २००९ च्या साथीत अमेरिकेत घरातल्या माणसांकडून मांजरांना लागण झाली होती. तापात असाल तर त्याला अंथरुणात घेऊ नका, खाणे दुसऱ्या कुणाला घालू द्या.

ताप, खाणे बंद, धाप, डोळ्यांतून पाणी, तोल जाणे, झटके, अचानक आंधळेपणा, यातले काही दिसले तर वाट पाहू नका. एच५एन१ मध्ये मांजर दोन-चार दिवसांत जाऊ शकते. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही मांजराचा जीव घेते. त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, मास्क आणि हातमोजे घालूनच हाताळा, नंतर हात साबणाने धुवा. दुसरी मांजरे असतील तर भांडी वेगळी करा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या निवाराघरांत एच७एन२ हा बर्ड फ्लूचाच दुसरा प्रकार शेकडो मांजरांत पसरला आणि एका पशुवैद्यालाही झाला.

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे नेण्याआधी फोन करून लक्षणे सांगा, म्हणजे ते इतर जनावरांपासून दूर तपासण्याची सोय करतील. मांजराने काय खाल्ले, कुठला पक्षी धरला, हेही सांगा. पुढच्या दहा दिवसांत घरात कुणाला ताप आला किंवा डोळे लाल झाले, तर आपल्या डॉक्टरांना मांजराच्या आजाराबद्दल सांगायला विसरू नका.