मेडिकल कॉलेजच्या चॉईस कशा लावायच्या: इंदूरच्या मराठी घरांसाठी

माझ्या दोन मुली, भाचे, पुतणे आणि लोकमान्य नगरातली शेजारपाजारची मुलं, अशा बऱ्याच जणांच्या काउन्सेलिंगच्या, म्हणजे मेडिकल प्रवेशासाठी पसंतीची कॉलेजं क्रमाने भरायच्या, याद्या माझ्यासमोर बसून भरल्या गेल्यात. दरवर्षी तेच चुकीचे सल्ले कानावर येतात आणि आता खरंच चीड येते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. नीटचं स्कोअरकार्ड, मार्कशीट, मूल निवासी, जातीचा दाखला हे सगळं फाईलमध्ये लागलेलं आहे असं धरून चालते.

पहिलं काम रजिस्ट्रेशनचं. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा, म्हणजे ऑल इंडिया कोटा, एमसीसी ही केंद्राची काउन्सेलिंग कमिटी भरते, बाकी ८५ टक्के राज्य भरतं, तेव्हा दोन्हीकडे नाव नोंदवा. इथे आपल्या मराठी घरांत एक गैरसमज हमखास असतो. पुण्याला आत्या आहे, नागपूरला आजोळ आहे, मग महाराष्ट्रातूनही भरू. अहो, महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी दहावी-बारावी तिथली लागते, डोमिसाईल तिथलं लागतं, मातृभाषा कोणी विचारत नाही. इंदुरात शिकलेल्या मुलाला तिथे ऑल इंडिया कोटा, नागपूरचं एम्स, डीम्ड (म्हणजे स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा असलेली) कॉलेजं, प्रायव्हेटचा इन्स्टिट्यूशनल कोटा किंवा मग पुण्याचं लष्कराचं मेडिकल कॉलेज एएफएमसी, एवढेच रस्ते आहेत. आणि डीम्डची फी बघितल्याशिवाय ते नाव यादीत घालू नका, तिथे नुसतं सिक्युरिटी डिपॉझिटच दोन लाख असतं.

बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएसची (होमिओपॅथी) ऑल इंडिया काउन्सेलिंग वेगळी असते, तिच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. नर्सिंगला जायचं असेल तर कॉलेजची मान्यता चालू वर्षाची आहे का ते नर्सिंग कौन्सिलच्या साईटवर स्वतः बघा. आपल्याच राज्यात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेची चौकशी हायकोर्टाला सीबीआयकडे द्यावी लागली होती, तेव्हा गेटवरच्या बोर्डवर विश्वास ठेवू नका.

आता खरी गोष्ट, चॉईसचा क्रम. मोठीच्या वेळेला मी इथेच चुकले. कोचिंगमधल्या एकांनी सांगितलं होतं, पहिल्या नंबरवर हातात येणारंच कॉलेज टाका नाहीतर चान्स वाया जातो. मी ऐकलं. घराजवळचं एक प्रायव्हेट, जे तिला नक्की मिळणार होतं, ते पहिलं टाकलं आणि ग्वाल्हेरचं सरकारी कॉलेज सहावं, का तर ते काही मिळत नाही. पहिल्याच राउंडला पहिलं कॉलेज मिळालं, घरात पेढे वाटले. दोन दिवसांनी निवांत बसून अलॉटमेंटची पूर्ण लिस्ट उघडली तर तिच्याच कॅटेगरीतल्या, तिच्यापेक्षा खालच्या रँकच्या मुलीला ग्वाल्हेर मिळालेलं होतं. पहिली पसंती मिळाली म्हटल्यावर अपग्रेडचा, म्हणजे पुढच्या राउंडला यादीतलं आणखी वरचं कॉलेज मिळण्याचा, प्रश्नच उरला नाही, आणि पुढे सगळी वर्षं आम्ही प्रायव्हेटची फी भरली. ती लिस्ट बघतानाचा मोठीचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून हे नीट समजून घ्या. कंप्युटर मुलं रँकने घेतो. तुमच्या मुलाची पाळी आली की त्याची यादी वरून वाचायला लागतो, पहिल्या कॉलेजात जागा नाही, पुढचं, तिथेही नाही, पुढचं, आणि जिथे जागा शिल्लक दिसते तिथे थांबतो. वरची नऊ हुकली म्हणून दहाव्या कॉलेजवरचा हक्क तसूभरही कमी होत नाही, कारण दहाव्या ठिकाणीही निवड रँकनेच होते, तुम्ही ते कितव्या नंबरवर लिहिलं होतं त्याने नाही. म्हणजे न मिळण्यासारखं कॉलेज वर टाकल्याने काहीही बिघडत नाही, पण आवडतं कॉलेज खाली टाकलं की ते गेलंच समजा. मागच्या वर्षीचे कटऑफ क्रम लावायला वापरूच नका. यादी किती खालपर्यंत न्यायची एवढंच त्यावरून ठरवा, तेही आपल्याच कॅटेगरीचे आणि शेवटच्या राउंडपर्यंतचे बघून.

क्रम लावायची माझी पद्धत अगदी साधी आहे. जुन्या वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या करायच्या, एकावर एक कॉलेज, आणि सतरंजीवर पसरायच्या. मग दोनच चिठ्ठ्या उचलून मुलाला विचारायचं, ही दोन्ही मिळाली तर कुठे जाशील? जे सांगेल ती वर. मग पुढची चिठ्ठी. धाकटीने रतलामची चिठ्ठी उचलून इंदूरच्या वर ठेवली होती, मैत्रीण तिथे आहे म्हणून. मी तिला सकाळी साडेदहाला एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या, ओपीडीत घेऊन गेले आणि पर्चीची रांग बघत अर्धा तास नुसतं उभं केलं. एवढे पेशंट रोज डोळ्यांखालून जाणार म्हटल्यावर घरी येऊन तिने स्वतःच चिठ्ठी खाली सरकवली. माझं मत पक्कं आहे, एमबीबीएस वॉर्डात शिकतात, तेव्हा १९४६ चं ग्वाल्हेर आणि १९४८ चं इंदूर ही जुनी, मोठ्या हॉस्पिटलची कॉलेजं नव्यांच्या वरच हवीत, हॉस्टेल कसंही असो. प्रायव्हेट टाकणार असाल तर तेही बघून या, सांगून जाऊ नका, आणि बेडवर पेशंट आहेत की नुसत्या चादरी ते वॉर्डात शिरून बघा.

जिथे मूल जाणारच नाही ते कॉलेज यादीत नको, भर म्हणूनसुद्धा नको. एमसीसीच्या दुसऱ्या राउंडला मिळालं आणि गेला नाहीत तर डिपॉझिट जप्त होतं. सरकारी कॉलेजचा ग्रामीण सेवेचा बाँड यादी भरायच्या आधी वाचा, नंतर नाही.

यादी लॉक, म्हणजे साईटवर कायमची पक्की, शेवटच्या रात्री करू नका, साईट अडकते. आदल्या दिवशी मुलाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने चिठ्ठ्यांशी ताडायची, कारण कॉलेजांची नावं सारखी असतात आणि कोड चुकतो. मग लॉक करा आणि प्रिंट काढून फाईलला लावा.