आदिवासी आशाताईंना एएनएमपर्यंत नेताना

आदिवासी पाड्यांवर आशा त्याच समाजाची असते, पण उपकेंद्रातली आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम, अनेकदा बाहेरून आलेली. पाड्यावरची बोली येणारी, घराघरांत ओळख असणारी बाई वर्षानुवर्षं खालच्याच पायरीवर राहते, आणि त्यात तिच्या कुवतीचा दोष क्वचितच असतो. आडवे येतात ते कागद, वय आणि बारावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी किंवा स्थानिक संस्थेने प्रवेशाच्या दोन वर्षं आधी कामाला लागलं, तर हे तिन्ही सुटतात.

पहिल्यांदा वय बघा. एएनएमचा अभ्यासक्रम २ वर्षांचा, त्याला बारावी लागते आणि वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. दहावीवर थांबलेली ताई ३२ वर्षांची असेल, तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसण्याचा अर्ज, याच वर्षी भरायला हवा. कला शाखा चालते. इंग्रजीचा पेपर मात्र हलक्यात घेऊ नका. बहुतेक जणी तिथेच अडकतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणीतरी बसून शिकवलं तरच तो निघतो. पुस्तकं देऊन भागत नाही.

जातीच्या कागदांत सर्वांत जास्त वेळ जातो. आशा बहुधा गावची सून असते, म्हणून सासरचे कागद काढायला धावपळ होते. ती वाया जाते, कारण जमात वडिलांकडून धरली जाते, नवऱ्याकडून नाही. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दाखलाही तिकडूनच निघतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत भक्कम: आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, किंवा तहसीलमधला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर नमुना १४ वरच भिस्त ठेवावी लागते.

उतारा हातात आला की जातीचा रकाना तिथेच, खिडकीवर उभं राहून वाचा. ‘महादेव कोळी’ऐवजी नुसतं ‘कोळी’ लिहिलेलं असलं, तर जातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीत प्रकरण अडकतं. अशा वेळी त्याच घरातल्या इतर भावंडांचे उतारे गोळा करा. कुठेतरी पूर्ण नोंद सापडते. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला जातवैधता, म्हणजे या समितीचं प्रमाणपत्र, मिळालेली असेल, तर वंशावळीसोबत तीच आधी जोडा. ‘काथोडी’ आणि ‘कातकरी’ यादीत एकाच नोंदीत येतात, त्यामुळे वडिलांच्या दाखल्यावर एक आणि मुलीच्या दाखल्यावर दुसरं असलं तरी घाबरू नका. अर्जात तसं स्पष्ट लिहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जुळवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो नसतो, हे नेमकं शेवटच्या आठवड्यात कळतं, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा.

पैशाचं गणित घरच्यांसमोर मांडा, एकट्या ताईसमोर नको. आशाचा बराचसा मोबदला कामावर मिळतो. वसतिगृहात गेली की तो थांबतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा आणि दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण करायचं. ते राहून गेलं की वर्ष कोरडं जातं. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात पडते. बचत गटासाठी नवं खातं उघडताना आधार तिकडे जोडलं गेलं असेल, तर पैसे तिथे जमा होतात आणि ताई जुनं पासबुक भरून बघत राहते. अर्जाआधी बँकेतून खात्री करून घ्या.

लहान मूल असेल तर ते कुणाकडे राहणार, हे प्रवेशाआधी ठरायला हवं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुली परत येतात त्या बहुतेक यामुळे, किंवा वर्गात शरीररचनेचे इंग्रजी शब्द डोक्यावरून गेल्यामुळे. त्याच केंद्रातल्या एखाद्या सिस्टरने आठवड्याला फोनवर अर्धा तास दिला तरी फरक पडतो.

नोकरी लागल्यावर विषय सोडू नका. जीएनएम या नर्सिंगच्या पुढच्या अभ्यासक्रमाला इतरांसाठी वयाची अट आहे, एएनएम झालेल्यांना नाही. त्यामुळे पस्तिशी उलटलेल्या सिस्टरलाही तो फॉर्म भरायला सांगा, आणि जातवैधतेची मूळ प्रत तेव्हासाठी जपून ठेवायला सांगा.