स्पेअर डिस्क आहे म्हणून निर्धास्त? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर ऐन सौद्यांच्या दिवसांत सर्व्हरच्या रेड-५ मधली (अनेक डिस्कचा असा गट, की त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो) एक डिस्क गेली. स्पेअरने, म्हणजे आयत्या वेळेसाठी जोडून ठेवलेल्या जादा डिस्कने, लगेच जागा घेतली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा तिच्यावर पुन्हा तयार करणं) सुरू झालं आणि थोडं पुढे सरकतंय तोवर स्पेअरच एरर देऊन बाहेर पडली. सर्व्हरच्या डब्यात ती नुसती फिरत होती, बसवल्यापासून तिची विचारपूस कोणी केलीच नव्हती.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड स्पेअरवर डेटा लिहीत नाही आणि वाचतही नाही. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर महिन्यातून एकदा आपोआप होणारी तपासणीही फक्त चालू डिस्क वाचते. एमडीस्टॅट या रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये डिस्कच्या नावापुढे कंसात 'एस' दिसला, तर डिस्क जोडलेली आहे एवढंच कळतं. ती धड आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या कमांडची लाँग टेस्ट स्पेअरवरही दर महिन्याला लावा, दुकान बंद असेल त्या दिवशी. पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या नीट वाचता न आलेल्या तुकड्यांचा) आकडा शून्यावरून हलला, की ती डिस्क बदला. वॉरंटीची वाट बघत बसू नका.

दुसरं दुखणं इशाऱ्याचं. रेड सांभाळणाऱ्या एमडीॲडम या कमांडचा मॉनिटर (मागे चालू राहून रेडवर नजर ठेवणारा भाग) मेल पाठवतो, पण तो रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, पेटीत जातो आणि तिथे कोण डोकावतं? कॉन्फिग फाइलमध्ये रोज उघडला जाणारा पत्ता घाला आणि मॉनिटरला 'टेस्ट' व 'वनशॉट' देऊन मेल खरंच येतो का ते बघा. तिथेच ॲरेच्या (रेडमधल्या डिस्कच्या गटाच्या) ओळीत 'स्पेअर्स=१' लिहिलं, तर मॉनिटर सुरू होताना स्पेअर गायब असल्याचंही कळतं. दोन ॲरेंना मिळून एकच स्पेअर ठेवली असेल, तर हा मॉनिटर चालू हवाच. एका ॲरेची स्पेअर दुसऱ्याला देणं हे त्याचं काम, कर्नल (लिनक्सचा गाभा) ते आपणहून करत नाही.

'चौथी डिस्क ॲड केली, जागा का वाढली नाही?' हा नेहमीचा प्रश्न. ॲरेतल्या सगळ्या डिस्क जागेवर असतील तर 'ॲड' केलेली डिस्क स्पेअर होते. जागा हवी तर पुढे एमडीॲडमनेच 'ग्रो' करावं, म्हणजे ॲरे वाढवावा लागतो. उलट नवीन रेड-५ बनवताना शेवटची डिस्क काही वेळ स्पेअर म्हणून रिबिल्ड होताना दिसते. ते ठीक आहे, घाबरून काढू नका.

बदलीची डिस्क आणताना लेबलवरच्या टीबीवर विसंबू नका. काही सेक्टर कमी भरले तरी ॲरे तिला घेत नाही. म्हणून पहिल्यांदा पार्टिशन करतानाच शेवटी थोडी जागा मोकळी सोडावी. आणि जुनी डिस्क पुसण्याआधी सीरियल नंबर जुळवा. एसडीबी, एसडीसी ही लिनक्सने डिस्कला दिलेली नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. ट्रेवर नंबरची चिठ्ठी चिकटवली, की चुकीची डिस्क उपसली जात नाही.

सर्व्हर ज्यावरून बूट होतो ते रेड-१ (प्रत्येक डिस्कवर तोच डेटा ठेवणारं) पार्टिशनवर असेल, तर स्पेअर आत आल्यावर तिच्यावर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) वेगळं बसवावं लागतं. रेड फक्त पार्टिशनच्या आतलं उतरवतं.

पुराचं काय? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तळमजल्यावरच्या त्याच डब्यातली स्पेअर तिथे काय कामाची? बॅकअप दुसरीकडे आणि उंचावरच हवा.

डब्यात चारच डिस्क असतील, तर माझं मत रेड-६ ला. तीन डिस्कचं रेड-५ आणि वर एक स्पेअर, यात वापराची जागा दोन डिस्कची मिळते. चार डिस्कच्या रेड-६ मध्येही तेवढीच. पण रेड-६ मध्ये चौथी डिस्क रोज कामात राहते आणि दोन एकदम गेल्या तरी डेटा वाचतो. लिहिण्याचा वेग थोडा उतरतो, पेढीच्या हिशेबाला तो जाणवत नाही. 'ग्रो' करून चालू ॲरेचंही रेड-६ होतं. फक्त आधी पूर्ण बॅकअप घ्या, आणि एमडीॲडमने बॅकअप-फाइल मागितली तर ती त्याच ॲरेवर ठेवू नका.