सपाट वाट, लहान पावलं: लाउझित्सच्या जुन्या खाणपट्ट्यात मुलांसोबत पायी भटकंती कशी आखावी

जर्मनीत बर्लिन आणि ड्रेस्डेन यांच्या मधोमध लाउझित्स नावाचा प्रदेश आहे. शंभराहून अधिक वर्षं तिथे जमीन उकरून तपकिरी कोळसा काढला गेला. १९९० नंतर एकामागून एक बहुतेक खाणी बंद पडल्या, खड्ड्यांमध्ये पाणी सोडलं गेलं, मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावली गेली. आज तिथे डझनावारी तलाव आहेत आणि त्यांच्या काठाने मैलोन्‌मैल सपाट रस्ते. चढ जवळजवळ नाहीच. त्यामुळे मुलं लहान असलेल्यांना वाटतं, यापेक्षा सोपी जागा कुठली?

सोपी आहे, पण कारण वेगळं आणि अडचणीही वेगळ्या. इथे चढ दमवत नाही. ऊन दमवतं, वारा दमवतो आणि कंटाळा दमवतो. शिवाय पायाखालची जमीन माणसाने ओतलेली आहे, हे क्षणभरही विसरून चालत नाही. आखणी करताना याच क्रमाने विचार केला की दिवस चांगला जातो.

१. आधी ठिकाण ठरवा, मग वाट

पहिल्याच वेळी जात असाल तर सेन्फ्टनबर्गला जा. इथला तलाव जुना, म्हणजे नीम्च खाणीत १९६७ ते १९७२ या काळात पाणी भरलं आणि १९७३ मध्ये लोक पोहायला येऊ लागले. झाडं मोठी झाली आहेत, सावली आहे, स्वच्छतागृहं आणि खाण्याची सोय आहे. रेल्वे स्टेशनवरून गावातून चालत निघालं की जुना किल्ला लागतो, त्याला लागून छोटं प्राणिसंग्रहालय, आणि पुढे तलावाचा धक्का. पाच वर्षांच्या मुलाला एवढी वाट पुरते. तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा मोह मात्र आवरा. ती सुमारे १८ किलोमीटरची आहे आणि सायकलवाल्यांसाठी चांगली आहे.

सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं असतील तर याच तलावाच्या ग्रोसकोशनच्या बाजूला उतरा. २०१३ मध्ये खुला झालेला कालवा इथून शेजारच्या गायर्सवाल्ड तलावाकडे जातो. वाटेत श्वार्त्स एल्स्टर नदी आडवी येते, आणि बोटी चक्क नदीच्या खालून बोगद्यातून जातात. जलपाशाचं, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्याचं, दार बंद होतं, बोट हळूहळू वरखाली होते. हे बघत मुलं इतका वेळ रमतात की पुढची वाट राहूनच जाते. राहू द्या.

ग्रोसरेशनला जायचं ते गोष्टीसाठी. मोयरो खाण १९९९ मध्ये थांबली, २००७ पासून तिच्यात पाणी भरू लागलं. पण तलावावर जाणारा धक्का पाणी यायच्या आधीच उभा होता आणि तो बनवलाय खाणीतल्या एका अवाढव्य यंत्राच्या लांबलचक हातापासून. कोरड्या खड्ड्यावर बोटींचा धक्का बांधणाऱ्यांच्या धीराचं मला अजून कौतुक वाटतं. आता शेजारच्या उतारावर द्राक्षांची बागही आहे.

आणि यंत्रांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर लिख्टरफेल्ड गावचा एफ-६० पूल. ५०२ मीटर लांब, सुमारे ८० मीटर उंच आणि ११,००० टन वजनाचा हा लोखंडी सांगाडा कोळशावरची माती उचलून खाणीच्या पलीकडच्या बाजूला टाकायचा. १९९१ मध्ये तो कामाला लागला आणि १९९२ मध्ये खाणच बंद झाली. २००२ पासून लोकांना वर जाता येतं, पण जाळीच्या जमिनीतून थेट खालचं दिसतं. उंचीची भीती असलेल्यांनी, यात मोठी माणसंही आली, खालूनच बघावं आणि तलावाच्या काठाने फिरावं. वर चढायचं तर वेळा आणि मुलांच्या वयाचे नियम आधी विचारून घ्या.

२. अंतर मोजताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

सपाट माळावर लांबची गोष्ट जवळ वाटते. सेडलिट्झ तलावाजवळ गंजलेल्या पोलादाचा ३० मीटर उंच मनोरा आहे, लोक त्याला ‘गंजका खिळा’ म्हणतात. तो फार लांबून दिसतो. “बघ, तिथे जायचंय,” असं मुलाला सांगितलंत की अर्ध्या तासाने प्रश्न येणारच: “अजून तेवढाच का दिसतोय?” लक्ष्य सतत दिसत राहिलं आणि जवळ येईना, की मुलांचे पाय आधी मनात थकतात.

म्हणून वाट अशी निवडा की ती वळेल, मध्ये झाडी येईल, आणि मनोरा शेवटच्या टप्प्यातच समोर उभा राहील. तसं जमलं नाही तर मनोऱ्याचं नावच काढू नका. जवळचं काहीतरी सांगा: पुढचं बाकडं, पुढचा पूल, पुढचा किनारा.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी जाऊन-येऊन चार किलोमीटर, आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आठ, हा माझा अंदाज. सपाट आहे म्हणून त्यात भर घालू नका. एकसारखं चालताना तेच स्नायू तसेच राबत राहतात, चढ-उतारात मिळते तशी पालट मिळत नाही. तलावाची गोल फेरी धरण्यापेक्षा त्याच वाटेने परत येणं बरं, कारण गोल फेरीत अर्ध्यावर कंटाळा आला तर पुढे जाणं आणि मागे फिरणं सारखंच लांब पडतं.

३. धोक्याच्या पाट्या वाचायला शिका, आणि मुलांनाही शिकवा

हा भाग घाईघाईने वाचू नका.

खाणीच्या मागच्या बाजूला टाकलेली माती बहुतेक रेतीच असते. गोलसर, एकसारख्या आकाराचे दाणे, सैल रचलेले. खाण चालू असताना पंपांनी भूजल खाली ठेवलेलं असतं. खाण बंद झाली की पाणी हळूहळू वर येतं आणि या दाण्यांमधल्या पोकळ्या भरतात. मग कधीतरी छोटासा हादरा बसतो, दाणे एकमेकांचा आधार सोडतात आणि घट्ट दिसणारी जमीन काही क्षणांत चिखलासारखी वाहू लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये श्प्रेताल भागात असंच झालं, मोठा पट्टा खचला, चरणारी मेंढरं त्यात गेली. त्यानंतर आधी खुल्या असलेल्या बऱ्याच जागा पुन्हा बंद केल्या गेल्या. २०१८ मध्ये तर सेन्फ्टनबर्ग तलावातल्या बेटाचा काठ खचला, आणि तो तलाव तेव्हा पंचेचाळीस वर्षं वापरात होता.

ज्या वाटा आणि किनारे खुले आहेत तिथली जमीन आधी यंत्रांनी हलवून दाबून घट्ट केलेली असते. दहा पावलं बाजूला तसं काहीच केलेलं नसू शकतं, आणि वरून दोन्हीकडे सारखंच गवत दिसतं. म्हणून नियम एकच: ‘बेट्रेटन फेरबोटन’ म्हणजे आत जाण्यास मनाई, ‘लेबन्सगेफार’ म्हणजे जिवाला धोका. हे दोन शब्द दिसले की त्यापुढे चेंडू गेला तरी जायचं नाही. पाटीजवळ सायकलचे ताजे माग दिसतील, कुणी मासे धरत बसलेलाही दिसेल. त्यांचं त्यांच्यापाशी.

मुलांना हे कसं पटवायचं? पोहायला परवानगी असलेल्या किनाऱ्यावर न्या. पाण्याच्या अगदी कडेला, लाट नुकतीच ओसरली आहे अशा ओल्या रेतीवर उभं करा आणि तळव्याने एकाच जागी थपथप करायला सांगा. आधी रेती घट्ट लागते. दहा-वीस थापांनंतर ती थुलथुलीत होते, वर पाणी चकाकू लागतं आणि पाऊल आत जाऊ लागतं. “कुंपणापलीकडे हेच अख्ख्या जमिनीला होतं,” एवढं एक वाक्य बास. नंतर पाट्या शोधायचं काम मुलंच करतात, आणि तुमच्यापेक्षा कडकपणे.

मोबाइलवरच्या नकाशाबद्दल एक सूचना. नकाशावर रेघ आहे म्हणजे वाट खुली आहे असं नाही. जुन्या वाटा तिथे तशाच राहतात. रेघ आणि पाटी यांचं जुळत नसेल तर पाटी खरी. निघण्याआधी त्या गावच्या पर्यटन कार्यालयाच्या सूचना बघून ठेवा. खाणींच्या पुनर्वसनाचं काम करणारी एलएमबीव्ही ही सरकारी कंपनीही बंद भागांची माहिती देते.

४. पिशवीत काय

टोपी आणि पाणी, नेहमीपेक्षा जास्त. नव्या लावलेल्या जंगलात पाइन आणि बर्च अजून कोवळे आहेत, त्यांची सावली रस्त्यावर पोचत नाही. उघड्या पाण्यावरून येणारा वारा उन्हाचा चटका लपवतो, म्हणून मुलांच्या मानेला आणि कानांना क्रीम लावा. वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट उन्हाळ्यातही हवं.

बाबागाडी डांबरी वाटेवर मजेत चालते, रेतीत रुतून बसते. बारीक चाकांची असेल तर डांबर सोडू नका.

डांबर म्हटलं की सायकली आल्या. विजेवरच्या सायकली आवाज न करता मागून येतात. मुलाला कडेच्या बाजूला ठेवा, रांगेत चाला, थांबायचं तर रस्त्याच्या बाहेर थांबा. मुलाचा हात धरून रस्ता अडवणारं कुटुंब इथे कुणालाच आवडत नाही.

५. बघायला काय आहे ते त्यांना दाखवा

धबधबे नाहीत, कडे नाहीत. बारकाईने बघावं लागतं. वाटेच्या कडेला कधी काळपट तपकिरी तुकडा सापडतो, हातात हलका लागतो. उन्हात धरा, त्यात लाकडाच्या रेषा दिसतात. हा इथला कोळसा, एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. ओहोळांच्या कडेला गंजासारखा गाळ दिसला तर सांगा की मातीतलं लोहयुक्त खनिज हवेला उघडं पडलं की तो बनतो. याच प्रक्रियेत आम्लही तयार होतं. म्हणून काही तलाव सुरुवातीला इतके आंबट होते की बोटींतून त्यांच्यात चुना टाकावा लागला. पाणी फार निळंशार आणि स्वच्छ दिसलं की मुलं आत जायला धावतात. पोहायचं ते फक्त खुल्या किनाऱ्यांवरच, कारण बाकी काठ अचानक खोल होतात.

बऱ्याच गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात. दुसरी भाषा सोर्बियन, इथल्या स्लाव्ह लोकांची. खाणींनी शंभराहून जास्त गावं गिळली, त्यांतली बरीच या लोकांची होती. मोठ्या मुलांशी हे बोलता येतं. “मग त्या घरातली माणसं कुठे गेली?” हा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये.

६. ऋतू

मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. जुलैच्या दुपारी चालणं नको, पोहणं बरं. पण एक तारीख राखून ठेवायची तर ती ऑक्टोबरची. लुकाऊजवळच्या वानिनशनला हाइन्स झीलमान प्रतिष्ठानने जुना खाणपट्टा विकत घेऊन निसर्गासाठी सोडून दिला आहे. उथळ पाण्यात क्रौंच आणि कलहंस रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा, उबदार कपडे घाला, दुर्बीण मुलाच्या गळ्यात द्या. चालणं जेमतेम होतं, पण हजारो पक्षी कर्कश ओरडत डोक्यावरून जाताना कुठलंही मूल “दमलो” म्हणत नाही.

७. परत फिरताना

शनिवार-रविवारी छोट्या स्टेशनांवरच्या गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि दुसरीचाच भरवसा धरा. काही अडलं तर ११२. जंगलात हिरव्या पाटीवर बचावस्थळाचा क्रमांक लिहिलेला असतो, फोनवर तोच सांगायचा.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी गोचिड्या तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. इथले काही जिल्हे गोचिड्यांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीच्या यादीत आहेत, त्याची लस मिळते. मुलांच्या डॉक्टरांना हंगामाच्या आधीच विचारा, कारण पूर्ण संरक्षणासाठी एकाहून जास्त डोस लागतात.